जुना निद्रानाश: डायरी, गजर आणि गोळी, याच क्रमाने

मुलीचं लग्न, घरातलं आजारपण, नोकरीवर आलेलं गंडांतर. अशा दिवसांत आठ-दहा रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तर त्याला कोणी आजार म्हणत नाही. कारण सरलं की झोप परत येते. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांचं कारण केव्हाच सरलंय आणि झोप मात्र परतलेली नाही.

डॉक्टर ज्याला जुना निद्रानाश म्हणतात त्याची मोजमापं साधी आहेत. आठवड्यात किमान ३ रात्री झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा पहाटे फार लवकर डोळे उघडतात. हे किमान ३ महिने चाललंय. झोपायला वेळ आणि जागा असूनही हे होतंय, आणि त्यामुळे दिवस वाया जातोय: चिडचिड, विसरभोळेपणा, कामात चुका. शेवटच्या दोन अटी लोक विसरतात. साडेपाच तास झोपून दिवसभर ताजातवाना राहणाऱ्या माणसाला निद्रानाश नाही. रात्री एकपर्यंत मोबाइल बघून पहाटेची लोकल पकडणाऱ्यालाही नाही. त्याच्याकडे झोपेला वेळच नाही, हे दुखणं वेगळं.

मग कारण संपूनही हा त्रास का टिकतो? आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात याची मांडणी केली आणि आजही तीच वापरतात. काहींची झोप जात्याच हलकी असते. त्यात एखादा प्रसंग झोप उडवतो. त्यानंतर झोप भरून काढण्यासाठी आपण जे करतो, तेच निद्रानाश जिवंत ठेवतं. नऊलाच अंथरुणात शिरायचं, सकाळी आठपर्यंत लोळायचं, दुपारी दोन तास ताणून द्यायची, थकवा आहे म्हणून फिरणं बंद करायचं, रात्रभर घड्याळ बघायचं. हेतू चांगला, परिणाम उलटा. पुढच्या पायऱ्यांचा सगळा रोख या खटाटोपावर आहे. गोळी त्यात बसते, पण मधोमध नाही.

आधी दुसरा आजार नाही ना, ते बघा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड असणं, यामागे बहुधा झोपेतला श्वासरोध असतो. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर त्रास वाढू शकतो. घोरण्याबद्दल स्वतःला काही कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

संध्याकाळनंतर पायांत वळवळ सुटते, हलवल्याशिवाय राहवत नाही, चालल्यावर बरं वाटतं? मग रक्तातलं फेरिटिन तपासून घ्या. शरीरातला लोहाचा साठा कमी असला की हे होतं आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये लोहाची कमतरता काही दुर्मीळ नाही. तिथे लोह भरून काढणं हाच झोपेचा इलाज. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, म्हणून नाव घेऊन ती चाचणी मागा.

थायरॉइड वाढलेला असणं, मधुमेह किंवा प्रोस्टेटमुळे रात्री चार-चारदा लघवीला उठणं, रजोनिवृत्तीत अंगातून वाफा येणं, छातीतली जळजळ, सांधेदुखी ही सगळी झोपमोडीची कारणं. पहाटे तीन-चारला जाग येऊन मन काळवंडत असेल तर नैराश्य असू शकतं. याउलट तीन तास झोपूनही अंगात प्रचंड उत्साह, बोलण्याला लगाम नाही, पैसे उधळणं चाललंय, असं असेल तर तो निद्रानाश नव्हे. तातडीने मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

चालू असलेली औषधंही एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. संध्याकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रात्री घेतलेली लघवीची गोळी, दम्यासाठीचं थिओफायलीन, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, काही नैराश्याची औषधं यांनी झोप उडते. कित्येकदा फक्त वेळ बदलून काम भागतं. ती मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

दोन आठवडे डायरी

शाळेची जुनी वही चालेल. रोज सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहा: अंथरुणात कधी गेलो, दिवा कधी बंद केला, झोप लागायला साधारण किती वेळ लागला, मध्ये किती वेळ जागे होतो, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं. शेजारी चहाचे कप, दुपारची झोप, दारू आणि गोळी यांची नोंद. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, अंदाजच हवा. मनगटावरच्या घड्याळाने सांगितलेली ‘गाढ झोप ४२ मिनिटं’ बाजूला ठेवा. ते यंत्र हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, आणि त्या आकड्यांच्या काळजीने झोप उडालेली माणसं आता डॉक्टरांकडे येऊ लागली आहेत.

दोन आठवड्यांनी एक गणित करा. झोपेचे सरासरी तास भागिले अंथरुणातले सरासरी तास, गुणिले १००. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. ८५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ठीक. जुन्या निद्रानाशात हा आकडा बहुधा बराच खाली असतो.

अंथरुणातला वेळ कापा

इथे बहुतेकांचा विश्वास बसत नाही. झोप येत नाही म्हणून आलो आणि तुम्ही जागं राहायला सांगता? हो. जुन्या निद्रानाशावरच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत कडू, आणि माझ्या मते सर्वांत कामाचा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून औषध नव्हे, तर सीबीटी-आय ही वर्तनाची उपचारपद्धती सुचवली. युरोपच्या २०१७ आणि २०२३ च्या मार्गदर्शिकाही तेच सांगतात. अंथरुणातला वेळ कापणं हा त्या पद्धतीचा कणा आहे.

यामागचं कारण असं. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. जास्त तास जागलं की दाब जास्त, दाब जास्त की झोप सलग. नऊ-दहा तास अंथरुणात पसरलं की तीच पाच-सहा तासांची झोप पातळ होऊन तुकड्यातुकड्यांत विखुरते.

समजा, सांगलीतल्या एक शिक्षिका रात्री १० ला आडव्या होतात आणि सकाळी ६ ला उठतात. अंथरुणात ८ तास. डायरीप्रमाणे झोप साडेपाच तास. कार्यक्षमता जेमतेम ६९ टक्के. त्यांनी पहिला आठवडा अंथरुणाला फक्त साडेपाच तास द्यायचे. उठण्याची वेळ ६ ही पक्की, ती रविवारी, दिवाळीत, पाहुणे आले तरी हलणार नाही. तिथून मागे मोजलं की झोपायची वेळ येते रात्री साडेबारा. त्याआधी अंथरुणाला पाठ टेकायची नाही, आणि डोळे मिटत असतील तर उभं राहायचं.

साडेबारापर्यंत करायचं काय, हा खरा प्रश्न. मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घाला, मेथी निवडा, उद्याचा डबा लावून ठेवा, आकाशवाणीवर जुनी गाणी ऐका, वाचा. सोफ्यावर आडवं होऊन मालिका बघायला बसलात की दहा वाजता डुलकी लागेल आणि सगळा हिशोब कोसळेल.

आठवड्याने सरासरी काढा. कार्यक्षमता ८५-९० टक्क्यांपर्यंत पोचली असेल तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा, म्हणजे सव्वाबारा. पोचली नसेल तर आहे तशीच ठेवा, फारच घसरली असेल तर अंथरुणातला वेळ १५ मिनिटं कमी करा. मात्र अंथरुणातला वेळ ५ तासांखाली कधीच न्यायचा नाही. असं करत करत दिवसा तरतरी टिकेल इतक्या तासांवर थांबायचं. तो आकडा आठच असला पाहिजे असं काही नाही.

पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा. दिवसा पेंग येईल. त्या काळात लांबचं गाडी चालवणं टाळा, घाटातलं तर अजिबात नको. अपस्मार, बायपोलर आजार, झोपेत चालण्याची सवय, उपचार न घेतलेला श्वासरोध, गरोदरपण यांपैकी काही असेल, तुम्ही व्यवसायाने चालक असाल किंवा यंत्रावर काम करत असाल, तर हा प्रयोग स्वतःच्या जोरावर करू नका. पडण्याचा धोका असलेल्या वयस्कर माणसांसाठी सौम्य प्रकार आहे: एकदम कापायचं नाही, दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वेळ कमी करत जायचं. फिरत्या पाळीत, म्हणजे एमआयडीसीत एक आठवडा रात्रपाळी आणि एक आठवडा पहिली पाळी अशा कामावर असणाऱ्यांना ही पायरी जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांच्यात शरीराचं घड्याळच सरकलेलं असतं.

जागे असाल तर अंथरूण सोडा

रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला हा नियम. अंथरूण फक्त झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठी. तिथे जेवण नाही, हिशोब नाहीत, मोबाइल नाही. साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही, किंवा मनात चरफड सुरू झाली, की उठायचं, बाहेर जाऊन बसायचं, पेंग आली की परत यायचं. एका रात्रीत पाच वेळा उठावं लागलं तरी पाच वेळा. वीस मिनिटंही अंदाजाने मोजायची. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि गजराचा मोबाइल हाताच्या अंतराबाहेर.

‘दुसऱ्या खोलीत जा’ असं पुस्तकात लिहिलेलं असतं. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसं झोपलेली असताना जायचं कुठे? अंथरुणाची जागा सोडायची, इतकाच अर्थ घ्या. ओट्याजवळ पाट टाकून बसा, खिडकीशी खुर्ची ठेवा, गॅलरीत जा. जमिनीवर गादी घालणाऱ्यांना तर एक सोय आहे: दिवसा अंथरूण गुंडाळून ठेवलं की त्यावर लोळण्याचा प्रश्नच येत नाही.

चहा, वामकुक्षी, जायफळ

झोपेच्या सवयींच्या याद्या सगळीकडे मिळतात. त्या वाईट नाहीत, पण केवळ त्यांनी जुना निद्रानाश जात नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२१ मध्ये नुसत्या या सवयींच्या शिकवणीला एकट्याने उपचार म्हणून वापरू नये असंच सुचवलं. तेव्हा यातल्या थोड्याच गोष्टी.

कॅफीन नेमकं ॲडेनोसिनच्याच जागा अडवतं, आणि साधारण पाच तासांनी त्यातलं अर्धं अजून रक्तात असतं. कामावरून आल्यावरचा सहाचा कडक चहा म्हणजे अकरा वाजता अर्धा कप पोटात. दुपारी दोननंतर बंद करून बघा. दुपारची वामकुक्षी सुटत नसेल तर तीनच्या आत आणि वीस मिनिटं, गजर लावून. संध्याकाळी सहाला भेळ हाणली की रात्रीच्या ताटावर वासना राहत नाही, दुपारच्या लांब झोपेचं तसंच.

दारूने झोप लवकर लागते आणि रात्रीचा उत्तरार्ध फाटतो. झोपेच्या गोळीसोबत दारू तर जिवावर बेतू शकते.

सकाळी उठल्यावर अर्धा तास उन्हात चालणं हे शरीराच्या घड्याळासाठी फुकटचं आणि उत्तम औषध. रात्री झोपण्याआधी तास-दोन तास गरम पाण्याने आंघोळ केली तर नंतर शरीर आतून थंड होत जातं आणि झोप लागायला मदत होते. अगदी झोपताना नको.

दुधात जायफळ उगाळून घेण्याची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. चिमूटभर असेल तर खुशाल घ्या, गरम दुधाने बरं वाटतं. पण चमचा-चमचा जायफळ विषारी असतं, त्याने भ्रम होतात, छातीत धडधडतं. अश्वगंधेचे काही लहान प्रयोग उत्साहवर्धक आहेत. मात्र तिच्यामुळे क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

मनातल्या विचारांसाठी एक युक्ती. संध्याकाळी सातच्या सुमारास पंधरा मिनिटं वही घेऊन बसायचं: मुलाची फी, बॉसचा निरोप, सासूबाईंचं ऑपरेशन, एकेक चिंता आणि तिच्यापुढे उद्याचं एक पाऊल. रात्री तोच विचार आला की ‘लिहून झालंय’ एवढं म्हणता येतं.

आता गोळी

गोळी घेणं कमीपणाचं नाही. दिवस पार कोसळलेला असेल तर काही आठवड्यांसाठी ती द्यावीच लागते. पण बहुतेक मार्गदर्शिका या औषधांना थोड्या काळाचं औषध मानतात. म्हणून पहिली चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना विचारा: ही किती दिवस, आणि बंद कशी करायची?

पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं, खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. झोल्पिडेम झोप लागायला मदत करतं. अंथरुणात जाण्याआधी लगेच घ्यायचं, पुढे सात-आठ तास हातात हवेत, आणि भरल्या पोटी त्याचा असर उशिरा होतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी साध्या गोळीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला सांगितलं, कारण सकाळीही औषध रक्तात शिल्लक राहत होतं. २०१९ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा आला: काही माणसं झोपेतच चालतात, स्वयंपाक करतात, गाडी काढतात आणि सकाळी काही आठवत नाही. असं एकदाही घडलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही बेन्झोडायझेपिन घराण्यातली, इटिझोलामही त्याच पंगतीतलं. यांची सवय लागते आणि हळूहळू तीच मात्रा पुरेनाशी होते. क्लोनाझेपाम शरीरात दीड दिवसाच्या आसपास अर्धं टिकून असतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही झापड राहते. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनी या आणि झोल्पिडेमसारख्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात, कारण रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो.

आपल्याकडची एक खास गोम. नैराश्य-चिंतेवरचं एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास मिळतात. रुग्णाला वाटतं आपण ‘टेन्शनची’ गोळी घेतोय, झोपेची नाही. वर्षभराने बरं वाटलं म्हणून एकदम थांबवतो आणि आठवडाभर हातपाय थरथरतात, झोप उडते. पाकीट वाचायला सांगितलं ते यासाठीच.

बाकीची औषधं थोडक्यात. कमी मात्रेतलं डॉक्सेपिन, ३ किंवा ६ मिलिग्रॅम, मध्यरात्री झोप मोडणाऱ्यांना उपयोगी पडतं. मेलाटोनिन मुख्यतः शरीराचं घड्याळ सरकलेल्यांसाठी. जुन्या निद्रानाशात त्याचा फायदा थोडाच. ऑरेक्सिन नावाचा जागेपणाचा संदेश अडवणारी नवी औषधं आली आहेत, सुवोरेक्झंट, लेम्बोरेक्झंट, डॅरिडोरेक्झंट. महाग आहेत, पण डॉक्टरांशी चर्चा करण्याजोगी. सर्दी-ॲलर्जीच्या गुंगीच्या गोळ्या मात्र झोपेसाठी वापरू नका. वयस्करांत त्याने लघवी अडते आणि गोंधळल्यासारखं होतं.

मेडिकलवाल्याने ओळखीवर पट्टी दिली तर ती सोय समजू नका. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं भारतात २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ या कडक नियमांच्या यादीत आहेत. चिठ्ठी हवी, आणि दुकानदाराने रुग्णाची व डॉक्टरांची नोंद तीन वर्षं जपायची असते. शेजारणीची अर्धी गोळी तर नकोच.

गोळी सोडताना

ज्यांची गोळी महिने-वर्षं चालू आहे त्यांनी ती एका रात्रीत कधीही बंद करू नये. बेन्झोडायझेपिन अचानक तोडलं तर फिट येऊ शकते. शिवाय मात्रा कमी करताच काही रात्री झोप पूर्वीपेक्षा वाईट होते. हा औषध उतरण्याचा परिणाम असतो. रुग्ण मात्र त्यावरून ‘मला गोळीशिवाय झोपच येत नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि पुन्हा पूर्ण मात्रेवर जातो. अनेक जणांची वर्षं या एका गैरसमजात जातात.

कपातीची सुरुवात वरच्या पायऱ्या लागू झाल्यावर करा: उठण्याची वेळ पक्की, अंथरुणातला वेळ कापलेला. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरत जायचं. अमेरिकेत २०२५ मध्ये आलेल्या बेन्झोडायझेपिन कमी करण्याच्या मार्गदर्शिकेनुसार दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के अशी सुरुवात करावी, आणि कोणत्याही दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कपात नको. क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅमच्या गोळीतही मिळतात, त्यामुळे हिशोब जमतो. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मात्र तोडायच्या नसतात. शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड जातो, तिथे घाई करू नका. लग्नसराई किंवा मार्चअखेर यांच्या तोंडावर कपात सुरू करायची नाही.

कोणाकडे जायचं, आणि पुन्हा उलटलं तर

पहिली भेट घरच्या डॉक्टरांची पुरेशी आहे. तिथे अडलं तर मनोविकारतज्ज्ञ. केईएम, नायर, ससून अशा सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. घोरणाऱ्यांना झोपेची चाचणी करणाऱ्या केंद्रात रात्रभर निजावं लागतं. सीबीटी-आय शिकलेले मानसशास्त्रज्ञ आपल्याकडे थोडेच, आहेत ते बहुतेक शहरांत. म्हणून डायरी आणि गणित स्वतः करून डॉक्टरांकडे नेलं तर निम्मं काम झालेलं असतं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटतंय, गोळ्यांच्या पट्ट्यांकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातंय, असं असेल तर आजच तिथे फोन करा आणि पट्ट्या घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या.

झोप रुळावर आल्यावरही वर्षा-दोन वर्षांत एखादा आठवडा बिघडतोच. गणपतीतले ढोल, बाळाचं आजारपण, परदेशातल्या मुलाकडचा मुक्काम. तेव्हा लवकर आडवं होण्याचा मोह टाळा, उठण्याची वेळ आहे तीच ठेवा, आणि एक आठवडा झोपायची वेळ अर्धा तास पुढे ढकला. तीन-चार आठवड्यांत घडी बसली नाही तर डॉक्टरांची वेळ घ्या.